गॅलरीभर सांबार

गिरजावैनींची आणि माझी ओळख भांडणानं झाली. भांडायला अर्थात मीच गेले होते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका दुमजली घराच्या खालच्या मजल्यावर आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. वर मनोहरराव आणि गिरजावैनी हे जोडपं राहायचं. त्यांच्या स्वयंपाकघराला लागून एक लांबट गॅलरी होती आणि ती नेमकी आमच्या मागच्या अंगणावर आली होती. होळी उलटून गेली होती. सकाळपासून खपून मी बाजेवर कुरडया घातल्या, अंघोळ करून बाहेर येते तर पांढऱ्याशुभ्र कुरडयांवर वरून काळ्या मातीचं पाणी ठिबकतंय. माझं डोकंच फिरलं. मी शाळेत गणित शिकवायचे, आणि माझा आवाज बंद दारातून शेजारच्या वर्गात जातो अशी आमच्या मोठ्या बाईंची कायमची तक्रार होती. तो आवाज घेऊन मी जिना चढले.

दार उघडलं ते एका काटकुळ्या, सावळ्या बाईनं. पदर कमरेला खोचलेला, हात कोपरापर्यंत चिखलात. मला जे बोलायचं ते मी सगळं बोलले. माझा दम संपल्यावर म्हणाल्या, "बाप्पा! कुरडया होत्या का? मले वाटलं आंगन रिकामं आहे."

"रिकामं असलं म्हणून काय चिखल सांडायचा?"

"नाई, तुमचं बरोबर आहे," असं त्या म्हणतात तोच आतल्या खोलीतून पुरुषाचा आवाज आला, "आहेस का वं?"

"आहो नं," त्या मान न वळवता म्हणाल्या, आणि त्याच सुरात मला, "सांबार नेता का मास्तरीणबाई? आत्ताच खुडला."

आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. भांडायला गेलेली मी पदरात ओंजळभर सांबार घेऊन खाली आले. बाजारातला सांबार जन्मभर आणला होता, पण त्या दिवशी वरणावर नुसता चिरून टाकला तर आमचे हे बाहेरच्या खोलीतून उठून आले आणि पातेल्यावरचं झाकण काढून बघून गेले. कुरडया वाया गेल्या त्या गेल्याच. पण दुसऱ्या दिवशी वर जायला मला निमित्त शोधावं लागलं नाही.

त्या गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती. नागपुरात उन्हाळा संपला की घरोघरचे कुलर खिडक्यांतून उतरतात, आणि ज्यांच्या टाक्या गंजल्या असतील त्या गल्लीत येऊन पडतात. आल्यागेल्याला सांगून वैनींनी त्या जमवल्या होत्या. कुलरच्या टाकीला पाणी काढायचं भोक असतंच, त्यामुळे मुळं कुजत नाहीत. शिवाय ती उथळ आणि पसरट, म्हणजे सांबारासाठी मुद्दाम बनवल्यासारखी. टाक्यांखेरीज गळका पत्र्याचा टब होता, त्यात मेथी. कडी तुटलेल्या बादलीत पुदिना, घमेल्यात ओवा. कोपऱ्यात तेलाच्या मोठ्या पिप्यात गोडनिंब, म्हणजे कढीपत्ता. तो वैनींच्या खांद्याला लागेल एवढा झाला होता. कठड्याशी गवती चहाचे झुपके. माती सगळी कुहीची. वैनींचं माहेर कुहीला, घरची धानाची शेती, आणि त्यांचा भाऊ वर्षातून एकदा येताना पोतंभर माती घेऊन यायचा. नागपूरच्या मातीवर वैनींचा विश्वास नव्हता. "इथच्या मातीत चुना लै," म्हणायच्या. मला ते काही पटलं नव्हतं, पण मी वाद घातला नाही, आणि मी वाद घातला नाही ही माझ्या बाबतीत नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

सगळ्या टाक्या त्या एकाच दिवशी पेरत नसत. एकीत कोंब दिसले की दुसरीत धने टाकायचे, म्हणजे एक टाकी खुडायला आलेली असते तेव्हा एक बोटभर असते आणि एक नुकती ओली केलेली. धने पाट्यावर टाकून वरवंट्यानं अगदी हलक्या हातानं रगडायचे, दोन डाळ्या सुट्या झाल्या की पुरे. जास्त रगडले तर चटणी होते, असं सांगून त्या स्वतःच हसायच्या. खुडायचं ते सकाळी, गॅलरीत ऊन यायच्या आधी, शिवणाच्या कात्रीनं, आणि कडेकडेच्या काड्या तेवढ्या. मी एकदा मदतीच्या हौसेनं मूठभर सांबार मधूनच धरला तर माझ्या हातावर फटका बसला.

"मधल्याले हात लावाचा नाई! त्याच्यावरच तं ते जगते."

शाळेतली सगळी पोरं मला भ्यायची आणि मी इथे फटके खात होते. पण मला ते आवडत होतं हे कबूल करायला हवं. वैनी कामात असल्या की त्यांची एक वेगळीच ऐट असायची. झाडांशी चालू असायचं त्यांचं बोलणं. मेथीला म्हणायच्या, "नखरे नको करू वं." गोडनिंबाला "दादा" म्हणायच्या. बोलता बोलता त्याचं एखादं पान चुरडून बोटं नाकाशी न्यायच्या आणि मग समोरचा काय बोलला ते पुन्हा विचारायच्या.

पुदिन्यावर मात्र त्यांची करडी नजर. "हा मोकळा सोडला तं कोनाले जगू देत नाई. याले कोंडूनच ठेवा लागते."

"तुमच्या घरात कोंडायची पद्धतच दिसते," मी बोलून गेले. माझी जीभ ही अशी. वैनी हसल्या, काहीतरी म्हणणारही होत्या, तेवढ्यात आतून आलंच, "आहेस का वं?"

"आहो नं."

तेवढं एक वाक्य आणि त्याचं तेवढंच उत्तर मी त्या घरात राहिले तितकी वर्षं ऐकलं. सकाळी पोळ्या लाटताना ऐकलं, वह्या तपासताना ऐकलं, पाहुणे आले असताना ऐकलं आणि पाहुण्यांनी भुवया वर केल्या की "वरच्या मजल्यावरचं आहे" असं सांगितलं. मनोहरराव एका कचेरीत कारकून होते आणि मुदतीआधीच घरी बसले होते. त्यांना एकटं राहवत नसे. वैनी नजरेआड झाल्या की काही वेळानं ते हाक मारायचे. उत्तर आलं की पुन्हा वर्तमानपत्र वाचायचे. उत्तराला उशीर झाला की त्यांच्या तोंडावरचं रक्त उतरायचं, हातापायांना घाम फुटायचा, श्वास लागायचा. दुसरं कोणी जवळ बसून भागत नसे, वैनीच लागायच्या. रामदासपेठेत दगड भिरकावला तर तो डॉक्टरला लागेल अशी स्थिती, तेव्हा सगळे डॉक्टर दाखवून झाले होते. हृदय उत्तम, फुप्फुसं उत्तम.

"मग घाबरतात कशाला?" मी एकदा विचारलं.

"भेव का विचारून येते का बाई?" वैनी म्हणाल्या आणि विषय बदलला.

मला मनोहररावांचा राग यायचा, आणि त्याहून जास्त राग याचा यायचा की तो राग धरता येत नसे. माणूस इतका सज्जन. मी वर गेले की स्वतः उठून खुर्ची पुढे करायचे. बायकोवर कधी आवाज चढवला नाही, ताटातल्या मिठावरून कधी कुरकुर नाही. चढवला असता आवाज तर बरं झालं असतं, मी जिना चढून दोन गोष्टी ऐकवून आले असते. जो माणूस हात जोडून कोंडतो त्याच्याशी भांडायचं कसं? वैनींची एकुलती एक मुलगी लग्न होऊन दुर्गला गेलेली. तिच्या बाळंतपणालाही वैनी गेल्या नव्हत्या. मुलीच्या सासूनंच केलं सगळं. उन्हाळ्यात तर विचारूच नका. दारं-खिडक्या लावून घेतलेल्या, खिडकीत कुलर घरघरतोय, त्या आवाजात वैनींचं उत्तर ऐकू येत नाही म्हणून मनोहररावांना त्या समोर दिसायला हव्या. सबंध दुपार त्या अंधाऱ्या खोलीत भिंतीला टेकून बसून राहायच्या. गॅलरीत सांबार तर तेव्हा नसायचाच, पण पुदिन्यावर आणि गोडनिंबावर ओलं गोणपाट टाकायलासुद्धा त्यांना चोरासारखं उठावं लागायचं.

सगळ्या गल्लीला सांबार, पुदिना, गवती चहा त्यांच्याकडून जायचा. कुणाच्या दारात जाऊन देणं त्यांना जमत नव्हतं म्हणून त्यांनी टोपलीला दोर बांधला होता. वरून हाक यायची, "मास्तरीणबाई, झेला वं!" आणि टोपली झुलत झुलत आमच्या अंगणात उतरायची. तिच्यात चार जुड्या, दोऱ्यानं बांधलेल्या, आणि कुठली कोणाकडे द्यायची ते वैनी वरून सांगणार. मी पोस्टमन. हिवाळ्यात घरोघरी सांबारवड्या व्हायच्या तेव्हा तर माझी सकाळ यातच जायची. बदल्यात टोपलीतून वर काय काय जायचं! संक्रांतीचा तिळगूळ, लग्नाच्या अक्षता, कोणाच्या नातवाचा पेढा. गल्लीतल्या बायका खाली अंगणात उभ्या राहून माना वर करून वैनींशी बोलायच्या. बोलणं झालं की आपापल्या घरी जायच्या, आणि वैनी कठड्यावरून वाकून त्या कोपऱ्यावरून दिसेनाशा होईपर्यंत बघत राहायच्या.

एकदा मी ठरवलं की हे असं चालायचं नाही. गणित शिकवणाऱ्या माणसाला एक खोड असते, त्याला वाटतं की प्रश्न आहे म्हणजे तो सुटणारच. वैनींना नवा टब हवा होता, चांगला जाड पत्र्याचा. मी म्हटलं, आपण दोघी सीताबर्डीवर जाऊ, तुम्ही ठोकून वाजवून पसंत करा, तासाभरात परत. आमचे हे मनोहररावांजवळ बसतील. मनोहररावांनीही मान डोलावली. "जाऊन ये," म्हणाले, "मी बसतो यांच्याशी गप्पा मारत."

वैनींनी निळी सुती साडी नेसली, वेणी घातली. रिक्षात बसल्यावर त्या नुसत्या बघत होत्या. दुकानांच्या पाट्या वाचत होत्या मोठ्यानं, लहान मुलीसारख्या. "इथं सिनेमाचं पोस्टर होतं, आता काहून नाई?" असलं काहीतरी विचारत होत्या. बर्डीवर त्यांनी टब वाजवून पाहिले, दुकानदाराशी घासाघीस केली. संत्र्याचा रस प्यायलो. मला वाटलं, सुटला प्रश्न.

आम्ही टब रिक्षात चढवतोय तेवढ्यात आमचे शेजारी सायकलवर घाईघाईनं येताना दिसले. त्यांचा चेहरा बघूनच वैनी रिक्षात चढल्या. घरी पोहोचलो तर मनोहरराव जिन्यातल्या पायरीवर बसलेले, सदरा घामानं अंगाला चिकटलेला, कोपर सोलवटलेलं. आमचे हे त्यांना वारा घालत होते. ते वैनींना शोधायला निघाले होते आणि जिन्यात पडले होते. वैनींना बघून त्यांनी हात जोडले. सगळ्यांसमोर, बायकोला.

"माफ कर वं. लै करून पाह्यलं. माह्यानं नाई झालं."

वैनींनी त्यांचे जोडलेले हात आपल्या हातानं खाली केले. "चला, वर चला," एवढंच म्हणाल्या. निळी साडी पुन्हा मी कधी पाहिली नाही, आणि मीही पुन्हा कुठे चला म्हटलं नाही.

त्यांना स्वतःला बर्डीची काही पडलेली नव्हती. त्यांना एकच गोष्ट हवी होती. कुहीला जायचं होतं, आईला भेटायला. कुही म्हणजे काय काशी आहे का? एस.टी.त बसलं की जेवायच्या आत गाव. दरसाल धान घरात आलं की त्यांचा भाऊ सदूभाऊ त्यांना न्यायला यायचा. आमच्याकडे लेक माहेरी अशी आपली आपण उठून जात नाही, न्यायला माणूस यावा लागतो. तो यायचा. डोक्याला मुंडासं, खांद्यावर नव्या तांदळाची पिशवी, रिक्षातून उतरवलेलं मातीचं पोतं. वैनी त्या दिवशी पहाटेपासून कामाला लागायच्या. सांबारवड्या, कढी, वरून गोडनिंबाची फोडणी. सदूभाऊ जेवायचा, मनोहररावांशी धानाचं बोलायचा, आणि मग सगळं झाल्यावर दारात उभा राहून विचारायचा, "निघाचं नं बाई?"

जाणं होणार नाही हे त्यालाही माहीत असायचं, मनोहररावांनाही आणि वैनींनाही. तरी वैनी पिशवी भरून ठेवायच्या. खरंच भरायच्या, दोन लुगडी, कंगवा, आईसाठी गवती चहा. मग त्या पिशवीतून गवती चहा तेवढा काढून भावाच्या हातात द्यायच्या. "पुढच्या साली येतो म्हना आईले."

"आई पुसते गा भाऊजी," एकदा सदूभाऊ मनोहररावांना म्हणाला. बोलायचं नव्हतं त्याला, पण तोंडातून गेलं. "मी इथून परत याचा असलो नं, तं सकाळपासून वाटेवर डोये लावून बसते. मी एकटाच उतरलो का मंग उठून आत जाते." मनोहरराव खाली मान घालून बसले. वैनी स्वयंपाकघरात होत्या.

तो गेल्यावर वैनी गॅलरीत आल्या आणि मी खाली अंगणात आहे हे बघून कठड्यावर वाकल्या. "मास्तरीणबाई, मले दुसरं काई नाई पाह्यजे. एक वेळ आईच्या हातचं जेवून येतो, बस. ती आहे तवरच जानं आहे. मंग कोनाचं माहेर न् काय." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना जातो, येतो असंच म्हणतात. मी मान वर करून ऐकत होते आणि माझी मान दुखायला लागली होती, पण मी हलले नाही.

मग एका वर्षी सदूभाऊ अवेळी आला. धान केव्हाच घरात येऊन गेलं होतं, माघ लागला होता. खांद्यावर पिशवी नाही, पोतं नाही. मी वरच होते. तो बसलासुद्धा नाही. "बाई, आई आता राहत नाई. दोन दिवसांपासून जेवली नाई. चाल."

वैनी कात्री हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. कोणाकडेही बघेनात. मी मनोहररावांकडे बघितलं, आणि चांगलं रागानं बघितलं. त्यांचे ओठ हलत होते. मग ते म्हणाले, "जा."

"तुमचं काय?"

"जा म्हटलं नं. बाई बसतील माह्यापाशी. बसाल नं बाई?"

मी बसते म्हटलं. रात्री आमचे हे येऊन झोपतील म्हटलं. वैनींनी पिशवी भरली नाही, साडी बदलली नाही, चपला घातल्या आणि भावाच्या मागे जिना उतरल्या. मी गॅलरीतून पाहिलं. त्या कोपऱ्यावरून वळेपर्यंत मागे बघतील असं मला वाटत होतं. त्यांनी बघितलं नाही. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

मी खुर्ची ओढून बसले. मनोहरराव पलंगाच्या कडेवर, दोन्ही हात गुडघ्यांवर. थोड्या वेळानं सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं, "आहेस का वं?"

खोलीत मी एकटी. काय करायचं? मी म्हटलं, "आहे."

ते ओशाळले. "तुमाले नाई म्हटलं बाई."

"असू द्या हो भाऊजी. विचारा. मी आहे."

त्यांनी विचारलं, आणि मी उत्तर दिलं. किती वेळा ते मी मोजलं नाही. पण दर वेळी "आहे" म्हणताना माझ्या अंगावर काहीतरी येऊन बसतंय असं वाटत होतं, आणि वैनी हे वर्षानुवर्षं म्हणत आल्या होत्या. दुपार झाली तेव्हा मला राहवलं नाही. मी सरळ विचारलं, "भाऊजी, तुम्हाला भीती कसली वाटते?"

त्यांनी गुडघ्यांवरचे हात एकमेकांत गुंतवले. मग सांगितलं.

"कचेरीत रेकॉर्डची खोली होती. तळघरात. शनिवारी दुपारी मी मागच्या फळीपाशी कागद पाहून राह्यलो होतो. चपराशाले काय दिसलं नाई, त्यानं बाहेरून कुलूप लावलं न् गेला. सोमवारी उघडलं."

"आणि कोणाला कळलंच नाही?"

"कोनाले कळन? ही घरी नव्हती. कुहीले गेली होती, आईकडं." ते हातांकडे बघत होते. "शनिवारी ओरडलो. रविवारी ओरडलो. मंग वाटाले लागलं, आपला आवाज आपल्यालेच ऐकू येते का काय. एक माणूस बाहेरून 'आहो' म्हटला असता नं बाई, तं मी महिनाभर बसलो असतो तिथं."

म्हणजे कुही. एवढी वर्षं मला वाटत होतं की हा माणूस बायकोला सोडत नाही. वैनीही तिथून परत आल्या त्या दिवसापासून स्वतःला सोडत नव्हत्या. मला मनोहररावांचा राग करायचा होता तोही आता करता येईना, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी उठून चहा केला. गवती चहा तोडायला गॅलरीत गेले तर मागून ते आले. दारात उभे राहिले आणि म्हणाले, "आज टाक्यांले पाणी राह्यलं नं?" आणि त्यांनी झारी भरून घेतली. वैनी कुठल्या टाकीला कसं पाणी घालतात ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. इतकी वर्षं खिडकीतून तेच तर बघत होते.

ऊन उतरलं तेव्हा त्यांच्या हाका विरळ झाल्या होत्या. चेहऱ्यावर एक प्रकारचा अभिमान होता. "बाई," ते म्हणाले, "हिले सांगून पाठवता येईन का? राह्य म्हना चार दिवस. जमून राह्यलं मले."

आणि दिवेलागणीला जिन्यात पावलं वाजली. वैनी दारात उभ्या. मनोहरराव खुर्चीतून उठले. "काहून वं आलीस? मी राह्यलो असतो नं! विचार बाईले, दिवसभर राह्यलो."

"बरी आहे आई," वैनी म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी तांदूळ धुवायला घेतले.

मी चिडले. हो, चिडले. दार उघडं मिळालं असताना ही बाई परत येते म्हणजे काय? दोन-तीनदा मी आडून विचारलं, दोन-तीनदा सरळ विचारलं. "बरी आहे," यापुढे उत्तर नाही. टाक्यांना पाणी घालायच्या, कात्रीनं खुडायच्या, टोपली सोडायच्या. पण आता कठड्यावर वाकून बोलणं थांबलं होतं.

त्याच सुमाराला आमच्या ह्यांची बदली झाली. सामान ट्रकनं पुढे गेलं. निघायच्या दिवशी सकाळी मी निरोप घ्यायला वर गेले तर वैनींनी पाट मांडून ठेवला होता. "बसा, ओटी भरतो तुमची." मी बसले. त्यांनी मला हळद-कुंकू लावलं, तांदूळ मोजून सुपात घेतले, नारळ ठेवला, आणि माझ्या पदरात ओंजळ टाकता टाकता, जणू काही दुसऱ्याच कोणाची गोष्ट असावी तसं, बोलायला लागल्या.

"मी गेली तं आई बाजेवर पडली होती. सदूभाऊनं सांगतलं, आई, गिरजा आली. तिनं डोये उघडले. माह्याकडं चांगलं पाह्यलं. म्हने, कोनाची वं बाई तू? मी म्हटलं, तुहीच. तं हासली. म्हने, माही पोरगी नागपूरले दिली आहे. ती येनार आहे. मी तिचीच वाट पाहून राह्यली."

दुसरी ओंजळ पडली. मी पदर घट्ट धरून होते.

"मी बसली तिच्यापाशी. पाय चेपून दिले. तिले बरं वाटलं. उठून बसली, मऊ भात खाल्ला माह्या हातानं. मले म्हने, तू चांगली आहेस वं बाई, पन तुले उशीर होऊन राह्यला. तुह्या घरचे वाट पाहत असतीन. न् सुनेले हाक मारली. म्हने, ही सवाष्ण आहे, हिची ओटी भर न् जाऊ दे हिले, अंधार पडन."

"आणि भरली?"

"भरली. भावजय रडून राह्यली होती, पन आई पाहून राह्यली होती नं. आईनं स्वतःच्या हातानं नारळ ठेवला. सदूभाऊ म्हने, बाई, राह्य. पन ओटी भरल्यावर कसं राहाचं?"

मी म्हटलं, "वैनी, पुन्हा जा. भाऊजींना जमतं आता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "कोनाकडं जाऊ?"

आतल्या खोलीत मनोहरराव खोकले. ते जागे होते, ऐकत होते, आणि त्यांनी हाक मारली नाही. मग वैनींनी माझ्या खांद्याला हात लावला.

"उठा मास्तरीणबाई. गाडी चुकन तुमची."

मी ओटी सावरत उठले. जिना उतरताना वळणावर मागे पाहिलं तर वैनी वरच्या पायरीपाशी उभ्या होत्या, हाताला तांदळाचे दाणे चिकटलेले. त्या ते एकेक करून काढत होत्या. खालून आमचे हे हाक मारत होते, आणि मी उतरत गेले.